ऊसमळ्यांची पंगत : हवाई बेटांवरील सामुदायिक स्वयंपाकाचा इतिहास

हवाई बेटांवर मुलाचा पहिला वाढदिवस लग्नाइतक्या थाटात होतो. नातेवाईक, शेजारी, आईवडिलांच्या कामावरचे सोबती असे दोन-तीनशे लोक जेवायला येणे तिथे नवलाचे नाही. लांब टेबलावर जमिनीतल्या भट्टीत शिजवलेले 'कालुआ' डुक्कर असते, अळूच्या कंदाची 'पोई' असते. त्यांच्या शेजारी मुगाच्या पारदर्शक शेवयांत शिजवलेली चिनी पद्धतीची कोंबडी, जपानी सुशी, कोरियन किमची, फिलिपिनो 'लुम्पिया', अंड्याच्या मेयोनीजमध्ये कालवलेली मॅकरोनी, आणि शेवटी नारळाच्या दुधाची 'हाउपिया' ही वडी. वाढून घेणारा माणूस सगळ्यातले थोडे थोडे एकाच ताटलीत घेतो, मध्ये भात ठेवतो आणि त्यावर सोया सॉसची धार सोडतो. हे सगळे पदार्थ त्याच्या घरचेच असतात.

हा बेत कोणा एका आचाऱ्याने ठरवलेला नाही. कोणत्याही एका घराच्या चुलीवरही तो तयार झाला नाही, कारण ज्या लोकांचे हे पदार्थ आहेत त्यांची घरे बराच काळ मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. जिथे पुष्कळ माणसांना एकत्र जेवावे लागले किंवा जेवू घालावे लागले, तिथे तो जुळत गेला: उसाच्या बांधावर, संपकऱ्यांच्या सामायिक स्वयंपाकघरात, बौद्ध मंदिराच्या अंगणात, वर्गणी गोळा करायच्या मैदानात.

सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी या बेटांवर उतरले, तेव्हा त्यांनी जोडहोड्यांमधून डुकरे, कोंबड्या, केळी, रताळी, नीरफणस, ऊस आणि अळू आणले. यातले अळू सर्वांत महत्त्वाचे. कोकणात परसदारी सांडपाण्यावर वाढणारे अळू आणि हवाईचे 'कालो' ही एकाच जातीची वनस्पती. मराठी घरात मान आहे तो पानांना, म्हणजे फदफद्याला आणि अळुवड्यांना. हवाईत मान आहे कंदाला. तो शिजवून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून सैल केला की पोई होते. दोन-तीन दिवस ठेवली तर आंबते, आणि जाणत्या लोकांना तीच जास्त आवडते. हवाईच्या पुराणकथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. म्हणून पोईचे भांडे उघडे असताना भांडण करायचे नाही, असा जुना दंडक होता.

या समाजात सगळे मात्र एकत्र जेवत नसत. 'कापू' नावाच्या धर्मनियमांनुसार पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळे जेवत. डुकराचे मांस, नारळ, केळ्यांच्या बहुतेक जाती आणि काही मासे स्त्रियांना वर्ज्य होते. १८१९ मध्ये पहिला राजा कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी यांच्या आग्रहावरून तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. त्या एका जेवणाने कापूची व्यवस्था मोडली. हवाईतल्या पुढच्या सगळ्या सामुदायिक जेवणांचा आरंभ या घटनेपासून मानणे योग्य ठरेल. अशा मेजवानीला आधी 'अहाआइना' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 'लुआउ' हा शब्द रूढ झाला. लुआउ म्हणजे अळूचे कोवळे पान. नारळाच्या दुधात किंवा मांसाबरोबर शिजवलेल्या त्या पानांच्या भाजीवरून सबंध समारंभाला नाव मिळाले.

१८४७ च्या जुलैअखेर तिसऱ्या कामेहामेहाने होनोलुलूजवळच्या नुउआनू खोऱ्यात दिलेल्या मेजवानीची यादी नोंदलेली आहे. पाहुणे सुमारे दहा हजार. त्यांच्यासाठी २७१ डुकरे, ६०२ कोंबड्या, पोईची ४८२ भांडी, २,२४५ नारळ आणि अळूचे ४,००० कंद. पण याच यादीत पिंपे भरून कांदे, बटाटे आणि जहाजावरची बिस्किटेही आहेत. परदेशी जिन्नस राजाच्या पानात शिरले होते. खारवलेला सामन मासाही असाच आला. तो हवाईच्या समुद्रात मिळत नाही. १८३० च्या दशकात हडसन्स बे कंपनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून पिंपांत भरून तो होनोलुलूला विकायला आणी. हवाईच्या लोकांनी तो हाताने कुस्करून कांदा-टोमॅटोत कालवला. हा 'लोमी' सामन आज अस्सल हवाईयन पदार्थ म्हणून प्रत्येक लुआउत असतो, आणि त्यातली एकही वस्तू मूळची हवाईची नाही.

मोठी उलथापालथ साखरेने केली. १८३५ मध्ये काउआइ बेटावर कोलोआ येथे पहिला व्यापारी ऊसमळा सुरू झाला. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ लोकसंख्या झपाट्याने घटत होती, त्यामुळे मळेवाल्यांनी मजूर समुद्रापलीकडून आणायचे ठरवले. १८५२ मध्ये दक्षिण चीनमधून पहिले करारबद्ध मजूर आले: पाच वर्षांचा करार, महिना तीन डॉलर आणि वर जेवणखाण. १८६८ मध्ये दीडशेच्या आसपास जपानी आले. १८७६ पासून हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली आणि मजुरांची मागणी कित्येक पटींनी वाढली. १८७८ पासून मदेइरा व अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज आले, आणि १८८५ मध्ये जपान सरकारशी झालेल्या करारानुसार जपान्यांची मोठी लाट सुरू झाली. पुरुषाला महिना नऊ डॉलर आणि जेवणापोटी सहा डॉलर. काम महिन्याला सव्वीस दिवस. १९०० साली ओकिनावा आणि पोर्तो रिकोहून, १९०३ मध्ये कोरियाहून आणि १९०६ च्या अखेरीस फिलिपिन्सहून माणसे आली.

इतक्या ठिकाणांहून मजूर आणण्यामागे हिशेब होता. एकाच भाषेचे लोक एकजुटीने काम बंद पाडू शकतात, म्हणून नव्या भाषेचे लोक आणून त्यांच्यात मिसळायचे. राहायला मात्र जपानी वस्ती वेगळी, फिलिपिनो वेगळी, पोर्तुगीज वेगळी. मजुरीही जातकुळी पाहून. १९०९ मध्ये ओआहू बेटावरच्या जपानी मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांना महिना १८ डॉलर मिळत आणि त्याच कामाला पोर्तुगीज व पोर्तो रिकन मजुराला साडेबावीस. हवाईच्या मिश्र जेवणाचे गोड वर्णन करणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये. ज्या माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्यावर मळ्यांचे गणित चालले होते, त्यांनीच हे ताट जुळवले.

जुळवाजुळव झाली ती दुपारच्या सुट्टीत. पहाटे निघताना बायका दुमजली पत्र्याचा डबा भरून देत. त्याला 'काउकाउ टिन' म्हणत. खालच्या खणात भात, वरच्यात तोंडीलावणे: जपान्याकडे लोणच्यातली 'उमे' आणि खारा मासा, कोरियनाकडे किमची, फिलिपिनोकडे शिरक्यात शिजवलेला 'अडोबो', पोर्तुगिजाकडे सॉसेज किंवा गोड पाव, हवाईयनाकडे पोई आणि सुका मासा. वस्त्या वेगळ्या होत्या तरी मुकादमाने नेमलेली टोळी पुष्कळदा मिश्र असे. उसाच्या सावलीत डबे उघडले की वरचे खण मध्ये सरकत आणि जो तो दुसऱ्याच्या डब्यातले घेई. आज ताटलीत दोन डाव भात, मॅकरोनी आणि सोया सॉस-साखरेत मुरवलेले मांस घालून गाड्यांवर विकतात तो 'प्लेट लंच' याच डब्याचा वंशज मानला जातो. भाषेचेही असेच झाले. टोळीत बोलायला जी 'पिजिन' बोली तयार झाली तिच्यात 'काउकाउ' म्हणजे जेवण. हा शब्द हवाईयन वाटतो, पण चिनी बंदरांतल्या व्यापारी बोलीतून तो खलाशांबरोबर आला.

डब्यातला भात आधी बेटांवरच पिकत असे. करार संपलेल्या चिनी मजुरांनी ओस पडलेली अळूची खाचरे भाड्याने घेऊन तिथे भात लावला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेखालोखाल भात हेच बेटांचे पीक होते. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या स्वस्त तांदळापुढे ती शेती बुडाली, पण भात राहिला. यातल्या अनेक चिनी पुरुषांनी हवाईयन स्त्रियांशी लग्ने केली, आणि पोई तयार करण्याचा धंदाही बराचसा चिन्यांच्या हातात गेला. कावडीच्या दोन टोकांना पत्र्याचे डबे टांगून वस्त्यांमधून फिरणारा चिनी फेरीवाला डुकराचे मांस भरलेले वाफेवरचे पाव विके. हवाईयन लोकांनी त्यांना 'मानापुआ' म्हटले, आणि आज चिनी घरातही तेच नाव चालते.

'सायमिन' या पदार्थात ही देवघेव सर्वांत स्पष्ट दिसते. नाव कँटनी, अर्थ बारीक शेवया. गव्हाच्या आणि अंड्याच्या शेवयाही चिनी पद्धतीच्या. पण त्यांचे पाणी जपानी वळणाचे, समुद्री शेवाळ आणि सुकवलेली कोळंबी उकळून केलेले. मराठी स्वयंपाकात सोडे जे काम करतात तेच काम ही कोळंबी करते. वर लालसर चिनी 'चारसिऊ' मांसाचे काप, जपानी माशाच्या वडीच्या चकत्या, पातीचा कांदा. चीनमध्ये किंवा जपानमध्ये हा पदार्थ या रूपात मिळत नाही. मळ्यांच्या वस्त्यांशेजारच्या टपऱ्यांवर, बेसबॉलच्या मैदानांवर आणि सणासुदीला तो वाढला. लिहुए गावातले १९५२ पासूनचे 'हामुरा सायमिन' अजून लांब सामायिक बाकांवर तो वाढते.

सण जपले ते प्रत्येक वस्तीने आपापले, पण वाटले सर्वांना. नववर्षाच्या आदल्या दिवसांत जपानी वस्तीत चिकट भात वाफवून दगडी उखळात लाकडी मोगरीने कुटत आणि त्याचे 'मोची' गोळे घरोघर देत. उपासकाळ सुरू होण्याआधी घरातली चरबी आणि साखर संपवायची, म्हणून पोर्तुगीज बायका मंगळवारी 'मालासादा' तळत. दगडी भट्टीत पाव भाजायच्या दिवशी तर सगळ्या वस्त्यांतली पोरे भट्टीभोवती जमत. जपान्यांच्या 'कुमिआई' म्हणजे शेजारमंडळाकडे मयताचे आणि लग्नाचे स्वयंपाक असत. अशा वेळी मोठ्या कढईत 'हेक्का' होई: कोंबडी, बांबूचे कोंब, भूछत्रे, मुगाच्या शेवया, सोया सॉस आणि साखर. जपानी सुकियाकीचे हे मळ्यांवरचे रूप. पातळ कापलेले गोमांस परवडत नव्हते, परसातली कोंबडी होती. शेवया चिन्याच्या दुकानातून आणता येत. पन्नास माणसांना पुरेल आणि उघड्यावर शिजेल असा हा पदार्थ होता, म्हणून टिकला.

ओकिनावाच्या लोकांना इतर जपानी कमी लेखत. ते डुकरे पाळत, यावरून त्यांना चिडवत. पुढे याच लोकांनी हवाईतल्या कितीतरी खाणावळी चालवल्या, आणि त्यांचे तळलेले गोळे, 'आंदागी', बेटांवरच्या जवळजवळ प्रत्येक जत्रेत आले. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावा बेचिराख झाल्यावर हवाईतल्या या समाजाने पैसे जमवून १९४८ मध्ये ५५० डुकरे जहाजाने मायभूमीला पाठवली. तिथल्या जेवणाचा कणाच डुकरावर उभा होता.

वस्त्यांमधल्या भिंती पाडल्या त्या संपांनी. १९२० मध्ये ओआहूवर फिलिपिनो आणि जपानी मजूर एकाच वेळी संपावर गेले. मळेवाल्यांनी सुमारे १२ हजार माणसांना घराबाहेर काढले, तेही इन्फ्लुएन्झाच्या साथीत. तो संप फसला. खरा बदल १ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झालेल्या संपाने झाला. सर्व वंशांच्या मजुरांची एकच संघटना, ३४ पैकी ३३ मळे बंद, सुमारे २६ हजार कामगार आणि त्यांची कुटुंबे, ७९ दिवस. एवढ्या लोकांना जेवू घालण्यासाठी वस्त्यावस्त्यांत सामायिक स्वयंपाकघरे उघडली. एक टोळी मासे धरायला समुद्रावर, दुसरी रानडुकरे आणि बोकड मारायला डोंगरात, तिसरी भाजीच्या वाफ्यांवर. फिलिपिनो आणि जपानी आचारी एकाच चुलीपाशी. बांधावर दुसऱ्याच्या डब्यातला घास खाणे वेगळे आणि अडीच महिने रोज त्याच्या हातचे जेवणे वेगळे. मजुरांनी संप जिंकला. त्यानंतरच्या हवाईला 'आपले' जेवण म्हणजे काय हे सांगावे लागले नाही.

त्याआधीच्या महायुद्धाने ताटात एका वस्तूची भर घातली होती. पर्ल हार्बरवरच्या ७ डिसेंबर १९४१ च्या जपानी हल्ल्यानंतर बेटांवर लष्करी कायदा लागू झाला. जपानी कोळ्यांच्या नौकांना समुद्र बंद झाला, बौद्ध पुरोहितांना अटक झाली, मंदिरांतले उन्हाळी 'बोन' नृत्य थांबले. ताज्या माशाच्या जागी सैन्याबरोबर आलेले डबाबंद डुकराचे मांस, 'स्पॅम', घरोघर पोचले. त्याचा काप परतून भाताच्या घट्ट दाबलेल्या लादीवर ठेवायचा आणि समुद्री शेवाळाच्या पट्टीने बांधायचा, हे 'स्पॅम मुसुबी' मात्र बरेच नंतरचे, १९८० च्या दशकात दुकानांत दिसू लागलेले. हातात धरून खाता येते आणि दिवसभर टिकते, यामुळे मुलांच्या सामन्यांना आणि सहलींना ते सोयीचे पडले.

युद्धानंतर बोन नृत्य पुन्हा सुरू झाले. पूर्वजांच्या स्मरणार्थ होणारा हा सोहळा जून ते ऑगस्टमध्ये दर आठवड्याअखेर वेगळ्या मंदिरात असतो, म्हणजे कोणालाही सगळ्या मंदिरांत जाता यावे. कागदी कंदिलांखाली गोल फेर धरला जातो आणि अंगणाच्या कडेला महिला मंडळ सायमिन, आंदागी, गोडसर मांसाच्या काड्या आणि मुसुबी विकते. पैसा मंदिराच्या छपराला. अशा मंडळांनी आपल्या पाककृतींची पुस्तकेही छापली. होनोलुलूच्या होंपा होंगवान्जी मंदिराने १९७० च्या दशकात काढलेली पुस्तके घराघरांत गेली. बौद्ध मंदिराच्या पुस्तकात पोर्तुगीज राजम्याचे सूप आणि कोरियन मांस निःसंकोच छापलेले असते. या समाजाने स्वतःला कसे पाहिले याचे इतके थेट दुसरे साधन नाही.

वर्गणीसाठीच जन्मलेला एक पदार्थ म्हणजे 'हुलीहुली' कोंबडी. १९५५ मध्ये कोंबडीपालन व्यवसायातल्या अर्नेस्ट मोर्गादो यांनी शेतकऱ्यांच्या एका बैठकीत सोया सॉस-आल्याच्या रसात मुरवलेली कोंबडी निखाऱ्यांवर भाजून वाढली. दोन जाळ्यांमध्ये धरलेल्या कोंबड्यांची एक बाजू झाली की 'हुली', म्हणजे उलटा, अशी हाक द्यायची. पोर्तुगीज वंशाचा माणूस, जपानी मसाला, हवाईयन शब्द. एकाच वेळी शेकडो कोंबड्या भाजता येतात, म्हणून शाळा आणि खेळाडूंच्या संघांनी ती उचलली, आणि शनिवारी मैदानांवरून उठणारा धूर ही या बेटांची ओळख झाली.

या सगळ्यात ज्यांच्या पंगतीत बाकीचे येऊन बसले त्या मूळ हवाईयन लोकांचे मात्र पुष्कळ गेले. उसाला अफाट पाणी लागते. १८७८ मध्ये पूर्व माउईच्या ओढ्यांचे पाणी पहिल्या मोठ्या कालव्याने मळ्यांकडे वळवले गेले. असे कालवे वाढत गेले आणि खालची अळूची खाचरे कोरडी पडली. भात स्वस्त झाला आणि पोई महाग. बेटांवरच्या सर्वांत जुन्या अन्नाची समारंभापुरती वस्तू झाली, ही या इतिहासातली मोठी हानी आहे. १९७० च्या दशकातल्या हवाईयन पुनरुज्जीवनापासून जुनी खाचरे पुन्हा बांधली जात आहेत, आणि वळवलेल्या ओढ्यांचे पाणी परत मिळवण्यासाठी शेतकऱ्यांनी दीर्घ लढे दिले आहेत.

मोठ्या हॉटेलांना हे जेवण फार उशिरा दिसले. तोवर पर्यटकांना गोठवून आणलेले मासे आणि युरोपीय पदार्थ मिळत. १९९१ मध्ये रॉय यामागुची, सॅम चॉय, ॲलन वाँग, पीटर मेरिमन यांच्यासह बारा आचाऱ्यांनी एकत्र येऊन 'हवाई रीजनल क्विझीन' ही चळवळ उभी केली: स्थानिक मासे, स्थानिक भाज्या आणि बेटांवरच्या घरांतली चव. सॅम चॉय यांचे वडील लाइए गावात लुआउचे स्वयंपाक करत, आणि मुलगा तिथेच हाताखाली शिकला होता. कच्च्या माशाचे 'पोके' जगभर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

शेवटचा ऊसमळा, माउईवरचा पुउनेनेचा, डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. बहुतेक वस्त्या त्याआधीच मोडल्या होत्या. पण वाढदिवसाच्या लुआउला 'इमू' अजून लावतात. आदल्या दिवशी पुरुष खड्डा खणतात, लाव्हाचे दगड तापवतात, त्यावर केळीची ठेचलेली खोडे, मग डुक्कर, मग 'ती' नावाच्या झुडपाची पाने, ओली गोणपाटे आणि माती. बायका घरी मोठ्या पातेल्यांत शेवया भिजवतात, शेजारीण लुम्पिया गुंडाळून आणते, कोणी किमचीची बरणी. जेवणे झाल्यावर उरलेले अन्न कागदी ताटल्यांत भरून, वर चंदेरी कागद लावून, निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिले जाते.